प्रतिसाद : डोंगर राहिला तरच वारा

कोळशाच्या राज्यात पवनऊर्जेचा आग्रह बाहेरचेच धरतात, हे मत मला अजिबात पटलं नाही. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया या कोळशाच्या राज्यातल्या ज्यूडी बॉन्ड्स या खाणकामगाराच्याच कन्या. नातू ओढ्यात उभा आणि त्याच्या हातात मेलेले मासे, हे बघून त्या डोंगरमाथे उडवून कोळसा काढण्याविरुद्धच्या लढ्यात उतरल्या. २००३ साली त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. पण मला जास्त मोलाची वाटते ती त्यांच्या 'कोल रिव्हर माउंटन वॉच' या संघटनेची पुढची मागणी: कोळशासाठी कोल रिव्हर माउंटन हा डोंगर सुरुंगांनी उडवू नका, माथ्यावर पवनचक्क्या उभारा. अभ्यासात ३२८ मेगावॅटची क्षमता दिसली होती. माथाच कापला की उंची जाते, वाऱ्याचा जोरही जातो. त्यामुळे 'आधी कोळसा काढू, पवनचक्क्या नंतर' असं करताच येत नाही. तरीही २००९मध्ये तिथे सुरुंग लागलेच, याची चीड येते.