मार्कर, बोरू आणि चारकोल एकाच पानावर: आधी काय?

कसबा_पेठी
नमस्कार मंडळी, पुण्यात अप्पा बळवंत चौकातून अल्कोहोल मार्कर आणलेत, स्केचबुक १४० जीएसएम वजनाच्या कागदाचं आहे. मंडईत बसून तो अष्टकोनी मनोरा बोरूने काढला, वॉटरप्रूफ इंडियन इंक, शाई रात्रभर वाळू दिली आणि सकाळी वरून ग्रे मार्कर मारला तर रेघा फिसकटल्या, मार्करचं टोकही काळं. मग वॉटरप्रूफ कसलं? रंग मागच्या पानावर उतरलाय तो वेगळाच. सावलीला चारकोल पण वापरायचाय. कोणी हे सगळं एकत्र करतं का?

शाईचे_डाग
अहो ती पाण्याला दाद देत नाही, स्पिरिटला देते. बऱ्याच इंडियन इंकमध्ये लाख असते, फर्निचर पॉलिशवाले चपडा म्हणजे तीच लाख स्पिरिटमध्येच विरघळवतात ना, इथे तेच काम मार्करमधलं अल्कोहोल करतं. क्रम उलटा करा. फिकट एचबी पेन्सिलीने आखणी, तीही खोडरबराने जवळजवळ पुसून घ्यायची कारण मार्करखाली गेलेलं ग्रॅफाइट नीट निघत नाही, मग मार्कर, तो वाळला की बोरू. सपाट ग्रेवर बोरूची जाड-बारीक होत जाणारी रेघ काय उठते बघा! रेघ आधी हवीच असेल तर पिगमेंट लायनर (रंगकणांच्या शाईचं बारीक टोकाचं पेन), पण शेवटच्या पानावर चाचणी घेऊन. काळं झालेलं टोक रद्दी कागदावर घासत राहा, बहुतेक साफ होईल.

एक_ते_चार_बंद
मागे उतरणारच, तो रंग कागदात मुरतो. एकाच बाजूला काढा, खाली जाड कागद सरकवा, विषय संपला. चारकोल मात्र सगळ्यात शेवटी, त्या भुकटीवर मार्कर फिरवलात तर टोकाची वाट. आणि मार्करला गुळगुळीत कागद लागतो, चारकोलला खरखरीत, त्यामुळे एकाच वहीत दोन्हीचे लाड होत नाहीत, साधा कार्ट्रिज म्हणजे चित्रकलेचा जाडसर कागद घेऊन थोडं थोडं सोसायचं. फिक्सेटिव्ह, म्हणजे चारकोल पुसू नये म्हणून मारायचा फवारा, लांबून, हलक्या हाताने. त्यातही बऱ्याचदा अल्कोहोल असतं, भिजवलंत तर मार्कर पुन्हा पसरेल.

कसबा_पेठी
लाखेचं डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद दोघांना. रंगीत पेन्सिली कुठे बसवू?

शाईचे_डाग
मार्करवर बिनधास्त. मार्करच्या खाली नको, मेणाने टोक चोंदतं. आणि आख्खा सेट कशाला घेतलात हो, ग्रेच्या तीन शेडमध्ये अख्खी मंडई होते.