सल्ला हवा: एसपीआय (वेळापत्रकाचा निर्देशांक) सुधारतोय, काम मात्र लांबतंय. संपण्याची तारीख कशी काढावी?

आडवी_रेघ

नमस्कार मंडळी,

एका उत्पादन लाइनच्या उभारणीचं प्लॅनिंग माझ्याकडे आहे. डिझाइन, खरेदी, यंत्रं बसवणं, केबलिंग, कंट्रोल सॉफ्टवेअर आणि चाचणी धरून १२ महिन्यांची बेसलाइन (मूळ ठरलेली योजना) होती. एकूण काम १२०० मनुष्यदिवसांचं. खर्चाचे आकडे माझ्यापर्यंत येत नाहीत, त्यामुळे अर्न्ड व्हॅल्यू (झालेल्या कामाचं योजनेतलं मोल) मी मनुष्यदिवसांवरच काढते.

बेसलाइनप्रमाणे दर महिनाअखेर एकत्रित किती काम व्हायला हवं होतं ते असं:
४०, ११०, २१०, ३४०, ४९०, ६४०, ७८०, ९००, १०००, १०८०, ११५०, १२००.

प्रत्यक्षात सातव्या महिन्याअखेर ५८५ झालं होतं, म्हणजे एसपीआय ०.७५. बाराव्या महिन्याअखेर १०८०, एसपीआय ०.९०. आता चौदावा महिना संपलाय, ११५० झालंय आणि एसपीआय ०.९६ दिसतोय. वरिष्ठ हा आलेख बघून म्हणतात की गाडी रुळावर येतेय, पंधराव्या महिन्याअखेर संपवून टाका. साइटवर मला तसं काहीच दिसत नाही.

एसपीआयवर विसंबून राहावं का? संपण्याची तारीख सांगायची तर कशाच्या आधारावर? हाताशी एमएस प्रोजेक्ट आणि एक्सेल एवढंच आहे. दुसरं एखादं सॉफ्टवेअर घ्यायची शिफारस करावी का?

---

गणिताचा_नाद

तुमचे आकडे बरोबर आहेत, दोष त्या सूत्रातच आहे. एसपीआय म्हणजे झालेलं काम भागिले तोवर अपेक्षित असलेलं काम. बारावा महिना उलटला की अपेक्षित काम १२०० वर थांबतं, त्यापुढे ते वाढतच नाही. झालेलं काम हळूहळू १२०० कडे सरकतं आणि प्रकल्प संपतो त्या दिवशी एसपीआय बरोबर १.०० होतो. प्रकल्प महिनाभर लांबला काय, दोन वर्षं लांबला काय, शेवटी १.०० च. म्हणून मुदतीच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात या आकड्यावर कुठलाही निर्णय घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर उपाय आहे अर्न्ड शेड्यूल. वॉल्ट लिपके यांनी २००३ साली तो मांडला. अर्न्ड व्हॅल्यू १९६७ पासून अमेरिकेच्या संरक्षण खात्यात वापरात होती, पण तिचा भर खर्चावर होता. लिपके यांनी उशीर पैशात मोजण्याऐवजी वेळेत मोजला. आज झालंय तेवढं काम योजनेप्रमाणे कोणत्या दिवशी व्हायला हवं होतं, एवढाच प्रश्न विचारायचा. त्याचं उत्तर म्हणजे ईएस.

तुमच्याच सातव्या महिन्यापासून सुरू करू. ५८५ हा आकडा पाचव्या महिन्याच्या ४९० आणि सहाव्याच्या ६४० यांच्या मध्ये येतो. ४९० च्या वर ९५ झालं आणि त्या महिन्यात १५० व्हायचं होतं. म्हणून ईएस = ५ + ९५/१५० = ५.६३ महिने. प्रत्यक्षात गेले ७ महिने. वेळेचा एसपीआय = ५.६३/७ = ०.८०. मूळ मुदतीला या आकड्याने भागा: १२/०.८०५ = १४.९ महिने. म्हणजे १२ महिन्यांत काम होणार नाही हे सातव्या महिन्यातच कागदावर दिसत होतं.

बाराव्या महिन्यात ईएस बरोबर १०, वेळेचा एसपीआय ०.८३, अंदाज १४.४ महिने. आता चौदाव्यात ईएस ११, वेळेचा एसपीआय ०.७९, अंदाज १५.३ महिने. बारा ते चौदा या काळात नेहमीचा एसपीआय ०.९० वरून ०.९६ वर चढला आणि वेळेचा ०.८३ वरून ०.७९ वर उतरला. वरिष्ठांपुढे हे दोन आलेख एकाच पानावर ठेवा.

अजून एक बघा. सात ते बारा या ५ महिन्यांत ईएस ४.३७ ने पुढे गेला, म्हणजे वेग ०.८७. शेवटच्या २ महिन्यांत फक्त १ ने, वेग ०.५०. उरलेलं काम याच वेगाने झालं तर अजून २ महिने लागतील, म्हणजे सोळाव्या महिन्याची अखेर. सरासरीपेक्षा अलीकडचा वेग वेगळा दिसत असेल तर दोन्ही तारखा सांगाव्यात.

एक्सेलमध्ये करताना बेसलाइनच्या स्तंभात सगळ्यात वर शून्याची ओळ घाला. मग मॅच फंक्शनने झालेलं काम त्या स्तंभात शोधा, शेवटचा पर्याय १ द्या. येणाऱ्या उत्तरातून १ वजा केला की पूर्ण महिने मिळतात, उरलेला अपूर्णांक वरच्यासारखा भागाकाराने काढा. शून्याची ओळ नसेल तर पहिल्या महिन्यात सूत्र चूक दाखवतं. नवीन सॉफ्टवेअरची अजिबात गरज नाही.

---

साइटवरचा

वरचं गणित चोख आहे, पण मी त्यावर थांबणार नाही. अर्न्ड शेड्यूल काय किंवा एसपीआय काय, दोन्ही सगळ्या कामांची बेरीज करतात. क्रिटिकल पाथवरचा (एकापाठोपाठ करायच्या कामांची सगळ्यात लांब साखळी, तीच संपण्याची तारीख ठरवते) एक दिवस आणि महिनाभर फ्लोट (शेवटची तारीख न हलवता थांबायची मोकळीक) असलेल्या कामाचा एक दिवस त्यांच्या लेखी सारखाच. कंट्रोल पॅनेल आलेलं नसतं तेव्हा टीम रिकामी बसू नये म्हणून पुढच्या विभागाची केबल ओढून घेतली जाते. मनुष्यदिवस वाढतात, आकडा चढतो, आणि संपण्याची तारीख तसूभरही हलत नाही. तुमच्याकडे नेमकं हेच होत असावं असा मला दाट संशय आहे.

आडवी_रेघ, उरलेल्या ५० मनुष्यदिवसांत काय काय आहे? त्यातलं एकापाठोपाठच करावं लागेल असं किती? शेवटच्या टप्प्यात काम थोडं आणि प्रतीक्षा जास्त असते. ही साखळी कामाच्या दिवसांत मोजून सांगा.

त्याआधी एमएस प्रोजेक्टच्या फाइलमध्ये दोन गोष्टी बघून घ्या. स्टेटस डेट (आकडे कोणत्या दिवसापर्यंतचे ती तारीख) दिलेली आहे ना? दिली नसेल तर प्रोग्राम आजची तारीख धरतो आणि दर वेळी फाइल उघडल्यावर आकडे बदलतात. दुसरं, न झालेलं काम मागच्या तारखांना पडून राहिलंय का? अपडेट प्रोजेक्टच्या खिडकीत अपूर्ण काम अमुक तारखेच्या पुढे ढकलण्याचा पर्याय आहे, तो स्टेटस डेट देऊन चालवा. मी हातात आलेल्या बहुतेक फाइलींत हे केलेलं नसतं. महिन्यापूर्वी सुरू व्हायला हवं होतं ते काम अजून त्याच तारखेला उभं असतं, आणि अशा फाइलने दाखवलेल्या शेवटच्या तारखेला काही अर्थ उरत नाही.

---

आडवी_रेघ

दोघांचेही मनापासून आभार. स्टेटस डेट दिलेली होती, पण मागे पडलेली कामं खरंच तशीच होती. ती ढकलल्यावर चित्र बदललं.

उरलेली साखळी अशी: शेवटचं कंट्रोल पॅनेल यायचंय, मग ते बसवणं, लूप तपासणी (यंत्रापासून कंट्रोलपर्यंत प्रत्येक जोडणी तपासणं), सॉफ्टवेअर चढवणं, एकत्रित चाचणी, कामगिरी चाचणी. एकूण ५२ कामाचे दिवस. महिन्याला २२ दिवस धरले तर सोळावा महिना संपून सतराव्याच्या दुसऱ्या आठवड्यात काम पूर्ण होतं. माझ्याकडे आता तीन तारखा झाल्या: १५.३, १६ आणि १६.४ महिने. सांगायची कोणती?

---

साइटवरचा

शेवटची. क्रिटिकल पाथची तारीख अर्न्ड शेड्यूलच्या तारखेपेक्षा उशिराची येत असेल तर पाथवर विश्वास ठेवा, कारण साखळीतली कामं एकमेकांसाठी थांबलेली आहेत. उलट झालं, म्हणजे पाथ लवकरची तारीख देतोय आणि टीमचा आजवरचा वेग उशिराची, तर पाथवरच्या उरलेल्या कामांचे कालावधी आशेवर भरलेत का ते तपासा. बहुतेक वेळा तसंच असतं. मी दर महिन्याला या दोन तारखा शेजारी ठेवतो, त्यांच्यातलं अंतर वाढायला लागलं की बैठक बोलावतो.

पंधराव्या महिन्याअखेरच्या मागणीबद्दल. तोवर २२ दिवस आहेत, साखळी ५२ दिवसांची, म्हणजे फ्लोट उणे ३०. क्रिटिकल पाथ लेंग्थ इंडेक्स = (५२ − ३०)/५२ = ०.४२. अमेरिकी संरक्षण खात्याची कंत्राटं तपासणारी यंत्रणा वेळापत्रकाच्या १४ कसोट्या लावते. त्यांत हा निर्देशांक ०.९५ च्या खाली गेला की धोक्याचा मानतात. तुमचा ०.४२ आहे. यावर चर्चा करण्यासारखं फारसं उरत नाही. पॅनेल लवकर मिळवणं किंवा चाचण्यांचे टप्पे एकमेकांवर चढवणं, हेच दोन मार्ग.

---

गणिताचा_नाद

सहमत. आणि माझ्याच पद्धतीची मर्यादा इथे दिसते तीही सांगतो. पंधराव्या महिन्याअखेर संपवायला किती वेग हवा हे टीएसपीआय सांगतो: (१२ − ११)/(१५ − १४) = १.००. हा आकडा १.१० च्या वर गेला की मुदत गाठणं जवळपास अशक्य मानतात, त्या हिशेबाने १.०० बघून कुणालाही जमेल असंच वाटेल. पण आजवरचा तुमचा वेग ०.७९, अलीकडचा ०.५०, आणि साखळी तर जागची हलायलाच तयार नाही. टीएसपीआय प्रकल्पाच्या मध्यावर कामाचा असतो. सातव्या महिन्यात १२ महिन्यांच्या मुदतीसाठी तो ६.३७/५ = १.२७ आला असता, मुदतवाढ मागण्याची खरी वेळ ती होती.

केबल आधी ओढण्याचा मुद्दाही मोजता येतो. ईएस ज्या दिवशी येतो त्या दिवसापर्यंत योजनेत कोणती कामं होती ते बघायचं आणि त्यांच्यावर किती काम झालंय ते काढायचं. समजा एकूण ५८५ पैकी ५०० च त्या कामांवर झालंय, तर हे प्रमाण ०.८५. याला पी फॅक्टर म्हणतात. उरलेले ८५ मनुष्यदिवस क्रम सोडून झालेत, आणि आधीचं काम अपुरं असताना पुढचं केलं की त्यातला काही भाग उकलून पुन्हा करावा लागतो.

---

मोजपट्टी

थोडं मागे जाऊन विचारते. ही ११५० ची बेरीज येते कुठून? प्रत्येक कामाचे टक्के कोण भरतं? काम करणाऱ्याला फोन करून किती झालं विचारलं आणि त्याने ९० टक्के सांगितलं, तर वरची सगळी गणितं त्या ९० वर उभी आहेत. शेवटचे १० टक्के महिनाभर चालतात हे इथल्या प्रत्येकाने पाहिलंय.

छोट्या कामांना ०/१०० लावा, संपल्याशिवाय काहीच धरायचं नाही. दोन रिपोर्टांमध्ये पसरणारी कामं असतील तर ५०/५०, म्हणजे सुरू झाल्यावर अर्धं आणि संपल्यावर उरलेलं अर्धं. मोठ्या कामांचे टप्पे सुरुवातीलाच ठरवून प्रत्येकाला वजन द्या, आणि टप्पा पूर्ण झाल्याचा पुरावा काय हेही लिहून ठेवा. लूप तपासणी झाली म्हणजे सही झालेला तपासणी तक्ता, तोंडी निरोप चालणार नाही. नियम बदलल्यावर आकडा एकदम खाली येईल, तो येऊ द्या.

---

आडवी_रेघ

@मोजपट्टी, टक्के पर्यवेक्षकांकडूनच येतात. पुढच्या रिपोर्टपासून टप्प्यांची वजनं लावते. आधीच्या महिन्यांचे आकडेही तपासणी तक्ते काढून पुन्हा मोजायचा विचार आहे.

---

शक्यता

एकच तारीख सांगू नका एवढं माझं म्हणणं.

५२ दिवस हा प्रत्येक कामाच्या नेहमीच्या कालावधींचा हिशेब आहे. एकत्रित चाचणी सुरू व्हायला पॅनेल, सॉफ्टवेअर आणि यंत्रं तिन्ही तयार लागत असतील, आणि प्रत्येक गोष्ट वेळेत येण्याची शक्यता ८० टक्के असेल, तर तिन्ही वेळेत असण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्केच. तेही तिन्ही गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत असं धरून. जिथे अनेक वाटा एकत्र येतात तिथेच वेळापत्रक घसरतं आणि एकेरी गणितात ते दिसत नाही.

प्रत्येक उरलेल्या कामाला तीन कालावधी द्या: सगळं सुरळीत झालं तर, नेहमीसारखं झालं तर, अडचणी आल्या तर. एक्सेलमध्ये रँड फंक्शन वापरून हजारेक वेळा साखळी चालवली की तारखांचा पट्टा मिळतो. वरिष्ठांना ५० टक्के खात्रीची आणि ८० टक्के खात्रीची अशा दोन तारखा द्या.

अडचणींचा कालावधी मात्र माणसाला विचारून भरू नका. काहनमन आणि ट्व्हर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिलं की माणूस अंदाज बांधताना समोरच्या कामाच्या तपशिलात अडकतो आणि तशाच जुन्या कामांचा अनुभव बाजूला ठेवतो. १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी संपेल विचारलं होतं. सरासरी अंदाज ३४ दिवसांच्या आसपास, सगळं बिघडलं तर ४९ च्या आसपास, आणि प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. सगळ्यात वाईट अंदाजही कमीच पडला. म्हणून मागच्या प्रकल्पांतल्या चाचणीच्या टप्प्यांचे ठरलेले आणि लागलेले दिवस काढा, त्यांचं गुणोत्तर चढत्या क्रमाने लावा आणि वरच्या टोकाचं गुणोत्तर इथे वापरा. पाच-सात प्रकल्पांची माहिती मिळाली तरी तोंडी अंदाजापेक्षा ती कितीतरी बरी.

---

आडवी_रेघ

शेवटचा प्रश्न. या सगळ्यावर वरिष्ठांचं म्हणणं आलं की नवीन बेसलाइन घ्या, म्हणजे रिपोर्ट स्वच्छ दिसेल. शिवाय ग्राहकाने ६० मनुष्यदिवसांचं वाढीव काम मंजूर केलंय, तेही त्यातच धरा म्हणतात. काय करावं?

---

गणिताचा_नाद

दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. मंजूर झालेलं वाढीव काम बेसलाइनमध्ये यायलाच हवं, त्याच्या मंजुरीच्या तारखेसह आणि त्याला मिळालेल्या मुदतवाढीसह. झालेला उशीर पुसण्यासाठी बेसलाइन बदलली तर त्या दिवशी सगळे निर्देशांक १.०० होतील आणि आजवरचा वेग हातातून जाईल. पुढचा अंदाज बांधायला तुमच्याकडे नेमका तोच तर आहे.

एमएस प्रोजेक्टमध्ये एका फाइलीत ११ बेसलाइन साठवता येतात. पहिली आहे तशी राहू द्या. वाढीव काम धरलेली नवीन बेसलाइन, बेसलाइन १ च्या जागी ठेवा. रिपोर्टमध्ये मूळ १२०० वरचा वेळेचा एसपीआय एका ओळीत, १२६० वरचा दुसऱ्या ओळीत, आणि त्यांच्याखाली शक्यता यांनी सांगितलेल्या दोन तारखा.

---

साइटवरचा

आणि त्या रिपोर्टच्या सगळ्यात वर पॅनेल कधी येणार त्याची तारीख, पुरवठादाराकडून लेखी घेतलेली. ती दर आठवड्याला विचारा.