चार बिलांचे ७ लाख ६७ हजार अडकलेत, कंपनी तोडायची नाहीये. वसुली कशी करू?

अंबड_टर्निंग | २१ जानेवारी २०२५

नमस्कार. नाशिकला अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. दोन सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणारे लेथ), एक व्हीएमसी (तशीच मिलिंगची मशीन), सहा माणसं. मिस्टर मशीनवर असतात. बिलं, जीएसटी, बँक आणि फोन माझ्याकडे.

चाकणच्या एका कंपनीला आम्ही चार वर्षं शाफ्ट आणि बुश देतोय. मटेरियल आमचं, ड्रॉइंग त्यांचं. बाकी अशी आहे, जीएसटी धरून:

१४ ऑगस्ट: २,१२,४००
९ सप्टेंबर: १,७७,०००
३ ऑक्टोबर: २,३६,०००
२२ ऑक्टोबर: १,४१,६००

पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, ६० दिवस लिहिलेत. आधी ७०-७५ दिवसांत यायचे, आम्ही कधी कुरकुर केली नाही. दिवाळीपासून मात्र एक रुपया आलेला नाही. अकाउंट्समधला मुलगा म्हणतो, "मॅडम, प्रोसेसमध्ये आहे." परचेसवाले म्हणतात अकाउंट्सशी बोला. गेल्या आठवड्यात परचेसचा फोन स्वतःहून आला, मला वाटलं पेमेंटचा असेल. तर फेब्रुवारीत १,२०० शाफ्ट हवेत म्हणून!

या चार बिलांवरचा १ लाख १७ हजार जीएसटी आम्ही त्या त्या महिन्याच्या ३बी रिटर्नमध्ये दाखवून, भरून मोकळे झालोय. पैसे आले नाहीत म्हणून सरकार थांबत नाही. स्टीलवाला ईएन-८ जातीच्या स्टीलचा बार ३० दिवसांच्या उधारीवर देतो, तोही आता दर दोन दिवसांनी विचारतो. बँक ९० दिवसांपुढची उधारी ड्रॉइंग पॉवरमध्ये (किती पैसे उचलता येतील त्या हिशोबात) धरत नाही, त्यामुळे सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट असून उपयोग नाही. डिसेंबरचे पगार मी मुलीच्या नावाची एफडी मोडून केले.

आमचं ४० टक्के काम या एकाच कंपनीचं आहे. भाऊ म्हणतो वकिलाची नोटीस पाठव. मिस्टर म्हणतात, नोटीस गेली की दुसऱ्या दिवशी ड्रॉइंग दुसऱ्याकडे जाईल. दोघांचंही मला पटतंय आणि रात्री झोप लागत नाहीये. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२१ पासून आहे, मायक्रो म्हणजे सूक्ष्म, मॅन्युफॅक्चरिंग. तिचा कधी काही उपयोग केलेला नाही. कोणी यातून गेलं असेल तर कृपया सांगा.

जुना_अकाउंटंट | २१ जानेवारी २०२५

ताई, मी २२ वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो. एका मोठ्या कारखान्यात वेंडरची, म्हणजे पुरवठादारांची, देणी माझ्याकडे होती. त्यामुळे तिकडे काय चालतं ते आधी सांगतो, मग कायदा.

आमच्याकडे दर दहा दिवसांनी पेमेंटची यादी निघायची. यादी एक कोटीची असली तर वरून साठ लाख मिळायचे. मग कोणाला द्यायचे आणि कोणाला पुढे ढकलायचे, हे ठरायचं. पण या यादीत फक्त पास झालेली बिलं येतात. पीओ, स्टोअर्सची जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि तुमचं बिल, तिन्ही जुळली तरच बिल पास होतं. एक आकडा चुकला की बिल होल्डवर, आणि होल्डवरचं बिल कुठल्याच यादीत दिसत नाही. कोणी मुद्दाम अडवत नाही, पण कोणी शोधतही नाही.

आमच्या टेबलावर अशा बिलांची एक लाल फाईल होती. पत्र्याचं काम करणाऱ्या एका गृहस्थांचं बिल त्यात पाच महिने पडून होतं. पीओवर दर ४२.५० आणि बिलावर ४३. पन्नास पैसे! ते दर सोमवारी फोन करायचे आणि आम्ही सगळे सांगायचो, "प्रोसेसमध्ये आहे." शेवटी ते स्वतः आले. दारात उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. फाईल काढून दाखवली तेव्हा त्यांनी बिल हातात घेतलं आणि एवढंच म्हणाले, "हे मला ऑगस्टमध्ये सांगितलं असतं तर मी पन्नास पैसे सोडले असते हो." मला त्याची आजही लाज वाटते.

म्हणून "पेमेंट कधी?" हा प्रश्नच बंद करा. त्याला एकच उत्तर आहे आणि ते तुम्हाला पाठ झालंय. प्रत्येक बिलाचा नंबर घेऊन विचारा: जीआरएन नंबर काय? क्वालिटीने किती नग घेतले? बिल पास कधी झालं? सिस्टिममध्ये ड्यू डेट कुठली लागलीय? फोनवर नाही, समोर जाऊन. महिनाअखेरीला जाऊ नका, मधल्या आठवड्यात जा. पीओ, स्टोअर्सचा शिक्का असलेली चलनाची प्रत, ई-वे बिल आणि टॅक्स इन्व्हॉइस, चारही बिलांचे वेगळे संच करून न्या. आणि आधी स्टोअर्सला जा, मग अकाउंट्सला. उलटं गेलात तर तुम्हाला नुसतं इकडून तिकडे फिरवतील.

तिथून निघताना खातेउताऱ्यावर सही-शिक्का किंवा ईमेलवर "बाकी मान्य आहे" एवढं घ्या. वसुलीच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं असते. मुदत संपण्याआधी त्यांनी बाकी लेखी मान्य केली तर ती नव्याने मोजली जाते. तुमचं प्रकरण ताजं आहे, पण लेखी कबुलीनंतर "माल खराब होता" असं म्हणणं त्यांना अवघड जातं, म्हणून ती आत्ताच हवी.

आता कायदा. तुम्ही मायक्रो आहात, त्यामुळे २००६ चा एमएसएमईडी कायदा (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योगांचा) तुमच्या बाजूने आहे. पीओवर ६० लिहा की ९०, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे मुदत नेता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, दर महिन्याला चक्रवाढ. या जानेवारी २०२५ मध्ये बँक रेट ६.७५ आहे, म्हणजे व्याज २०.२५ टक्के. तुमच्या ७,६७,००० वर पहिल्याच महिन्याचे १२,९०० च्या वर होतात. हे व्याज लगेच मागा असं मी म्हणत नाही. पण आकडा तुम्हाला माहीत असू द्या, बोलताना आवाजात फरक पडतो.

यापेक्षा जास्त चालतं ते १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम ४३बी(एच). मायक्रो आणि स्मॉल पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांत दिले नाहीत आणि ३१ मार्चलाही बाकी राहिले, तर कंपनीला त्या वर्षी तो खर्च धरता येत नाही. त्यावर कर भरावा लागतो. गेल्या मार्चमध्ये याचा पहिलाच फेरा होता आणि वर्षानुवर्षं न हललेली पेमेंट हलली. मात्र तुमचं उद्यम प्रमाणपत्र त्यांच्या वेंडर मास्टरमध्ये (सिस्टिममधल्या पुरवठादारांच्या नोंदीत) चढलेलं हवं. बहुतेकांचं नसतं. ते चढवून घ्या आणि बिलावर उद्यम नंबर छापा.

अजून एक. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर त्यांना जीएसटीचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. तुमच्या १४ ऑगस्टच्या बिलाचे १८० दिवस १० फेब्रुवारीला भरतात. ही तारीख अकाउंट्सच्या साहेबांना सांगा. धमकी म्हणून नको, आठवण म्हणून.

नोटीस आत्ता नको. आधी ईमेल, साध्या भाषेत: "सोबत चार बिलांचा तपशील जोडला आहे. आम्ही उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म उद्योग आहोत. चारही बिलांची ४५ दिवसांची मुदत उलटली आहे. कलम ४३बी(एच) लक्षात घेऊन ३१ मार्चपूर्वीचं वेळापत्रक कळवावं, ही विनंती." ईमेल फायनान्स हेडला आणि प्रत परचेसला. यात एकही शब्द असा नाही की ज्याचा कोणाला राग यावा.

आणि १,२०० शाफ्टचं? नाही म्हणू नका. म्हणा, "शेड्यूल मिळालं. बार भरायला पैसे लागतील, पहिली दोन बिलं आली की माल लावते." परचेसला माल हवाय. तुमच्यासाठी अकाउंट्सकडे जाऊन भांडेल असा तिथे तोच एक माणूस आहे.

सातपूर_प्लेटिंग | २२ जानेवारी २०२५

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी पुढच्या पायरीचा अनुभव सांगतो. आमचे ३ लाख ४० हजार दीड वर्ष अडकले होते. समाधान पोर्टलवर (लहान उद्योगांच्या थकबाकीच्या सरकारी वेबसाइटवर) अर्ज केला, तो फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी मंडळाकडे, गेला. कायद्यात ९० दिवस लिहिलेत, मला १४ महिने लागले. पण पार्टी परराज्यातली असूनही प्रकरण आपल्याच विभागाच्या कौन्सिलपुढे चाललं, मला कुठे जावं लागलं नाही. दुसऱ्या तारखेला त्यांनी तडजोडीत मुद्दल दिलं, व्याज मी सोडलं. निकाल विरोधात गेला तर त्याला कोर्टात आव्हान द्यायला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, हे त्यांच्या वकिलाला पक्कं माहीत होतं. त्यानंतर त्या पार्टीने काम दिलं नाही, हेही खरं. तेवढी तयारी ठेवून अर्ज करा.

आणि ताई, "हा चेक ठेवा, तारीख आम्ही सांगू तेव्हा टाका" असं कोणी म्हणालं तर घेऊ नका. तारखेचा चेक घ्या आणि तीन महिन्यांच्या आत भरा. परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस जायलाच हवी. मी एकदा ४० दिवस फोनवर गोड बोलण्यात घालवले आणि त्या चेकवरची कलम १३८ ची (चेक न वटल्याची) केस हातची गेली.

सीए_सिन्नर | २२ जानेवारी २०२५

४३बी(एच) बद्दल थोडी भर. उशिरा का होईना, कंपनीने ३१ मार्चच्या आत पैसे दिले तर त्यांचा खर्च वाया जात नाही. त्यानंतर दिले तर ज्या वर्षी दिले त्या वर्षी धरता येतो. म्हणजे त्यांचं नुकसान एका वर्षाच्या कराचं. तोट्यातल्या कंपनीला याचं फारसं काही वाटत नाही, तेव्हा आधी त्यांचा ताळेबंद बघा. ही तरतूद आणि ४५ दिवसांचं संरक्षण ट्रेडिंग करणाऱ्यांना मिळत नाही. तुम्ही उत्पादक आहात, तुम्हाला मिळतं. शिवाय ४५ दिवसांपुढची अशी देणी कंपन्यांना दर सहा महिन्यांनी एमएसएमई-१ फॉर्ममध्ये कळवावी लागतात. तुमच्या ईमेलमध्ये त्याचाही उल्लेख करा, कंपनी सेक्रेटरी लगेच जागा होतो.

अंबड_टर्निंग | १५ फेब्रुवारी २०२५

सगळ्यांचे मनापासून आभार. २८ जानेवारीला मी स्वतः चाकणला गेले. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, पूर्ण रस्ता मांडीवर चार पिशव्या घेऊन. काकांनी सांगितलं तसं आधी स्टोअर्स.

स्टोअर्सच्या दादांनी इनवर्डचं रजिस्टर उघडलं. ९ सप्टेंबरच्या ओळीत आमचं नाव, पुढे नग ५००. आम्ही दिले होते ६००. माझ्याकडच्या चलनावर ६०० ला निळ्या पेनने गोल केलेला, शेजारी त्यांच्याच माणसाची सही आणि गेटचा शिक्का. दादा दोन मिनिटं नुसते त्या गोलाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "सही माझीच आहे मॅडम." त्या १०० नगांसाठी पूर्ण बिल साडेचार महिने होल्डवर होतं. ३ ऑक्टोबरच्या मालात पीओच्या शिल्लक संख्येपेक्षा ८० नग जास्त गेले होते, ते परचेसनेच फोनवर मागवलेले. पीओची दुरुस्ती कोणी केलीच नाही, म्हणून ते बिल सिस्टिममध्ये चढलंच नव्हतं. बाकी दोन पास होती, नुसती रांगेत.

म्हणजे चारपैकी दोन बिलांसाठी मी तीन महिने जे फोन केले ते सगळे वाया. आणि तिथल्या एकालाही हे माहीत नव्हतं.

उद्यम प्रमाणपत्र वेंडर मास्टरमध्ये नव्हतंच, ते त्याच दिवशी चढवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ईमेल पाठवला. ७ फेब्रुवारीला २,१२,४०० आले. त्यातून स्टीलवाल्याचं आधी भागवलं. शाफ्ट ४०० लावलेत, बाकीचे पैसे आल्यावर.

अंबड_टर्निंग | ३ एप्रिल २०२५

२८ मार्चला दोन बिलांचे मिळून ३,१८,६०० आले. तिसऱ्याची पीओ-दुरुस्ती २४ मार्चला झाली, त्यामुळे ते मार्चच्या यादीत बसलं नाही. २,३६,००० ची बाकी त्यांनी ईमेलवर मान्य केलीय आणि १५ एप्रिल तारीख दिलीय. परचेसचे साहेब अजून नीट बोलतात, उलट आता पीओ दुरुस्त झाल्याशिवाय जास्तीचा माल मागत नाहीत.

काका, १५ ला नाही आले तर समाधानच्या अर्जात फक्त हेच बिल टाकू, की उरलेल्या तीन बिलांचं उशिराचं व्याजही?

जुना_अकाउंटंट | ३ एप्रिल २०२५

मुद्दल आलं म्हणून व्याजाचा हक्क जात नाही, चारही बिलांचं मांडता येतं. पण १६ तारखेला सकाळी आधी फायनान्स हेडला फोन करा आणि व्याजाचा तक्ता ईमेलने पाठवा. उत्तरासाठी सात दिवस द्या. त्यांनी स्वतः लेखी दिलेली तारीख आहे, तेवढी वाट बघणं योग्य. अर्ज मात्र आजच भरून तयार ठेवा. आणि एफडी पुन्हा केलीत का, ते कळवा.