पुढची नंबर प्लेट, गेटचा कॅमेरा आणि सी-७०१

सुनीता काकू ए-१०१ (रात्री ११:४७): परत तेच! गेटवर लाल गाडी आणि हॉर्नवर हॉर्न. अप्पांचा आत्ता कुठे डोळा लागला होता. ही रोजची कटकट कोण थांबवणार आहे?

प्रशांत ए-१०२: +१ काकू. आमचा छोटूपण उठला.

निखिल सी-७०१: काकू सॉरी. पण मी तरी काय करू? बॅरिअर उघडतच नाही. आधी दिवे मारले, मग हॉर्न दिला. वॉचमन केबिनमध्ये पाठ करून मोबाइल बघत बसलेला.

मकरंद बी-४०३: बॅरिअर सगळ्यांना उघडतो, तुलाच का नाही याचा कधी विचार केलास का? 😄

निखिल सी-७०१: कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम आहे. मी कमिटीला आधीच सांगितलंय.

देशपांडे काका बी-३०२: कॅमेऱ्याचा प्रॉब्लेम नाही. कॅमेरा पुढची नंबर प्लेट वाचतो, मगच बॅरिअर उघडतो. आपल्या गाडीला पुढे नंबर प्लेटच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९. नियम ५०. नोंदणी क्रमांक पुढे आणि मागे, दोन्हीकडे. सर्वांनी वाचावा.

सेक्रेटरी पाटील: 🙏 नमस्कार मंडळी. बरीच रात्र झाली आहे, सकाळी बोलू या का? वॉचमनला समज देतो.

सुनीता काकू ए-१०१: सेक्रेटरी साहेब, मला झोप रात्रीच येते. सकाळी बोलून काय उपयोग?

जोशी आजोबा सी-२०१ (पहाटे ५:३१): 🌺 शुभ प्रभात 🌺 जो दुसऱ्याची वाट अडवत नाही त्याची वाट देव अडवत नाही 🌺

मकरंद बी-४०३: आजोबा, हा फॉरवर्ड होता की निकाल?

निखिल सी-७०१ (सकाळी ८:१०): एकदाच सांगतो म्हणजे विषय संपेल. प्लेट माझ्याकडे आहे. चोरीची गाडी नाही. डॅशबोर्डवर काचेच्या आत ठेवली आहे, कोणालाही दिसते. गाडीचं नाक बघितलंय का तुम्ही? मध्ये सगळी जाळी आहे, हवा जायला. तिथे ५०० बाय १२० मिलिमीटरचा पत्रा ठोकायचा? शोरूमवाले ड्रिल घेऊन उभेच होते. कोऱ्या बंपरला भोकं पाडायला माझा जीव होत नाही.

सुनीता काकू ए-१०१: माझा मुद्दा प्लेटचा नाही. हॉर्नचा आहे.

देशपांडे काका बी-३०२: डॅशबोर्डवर ठेवणे म्हणजे लावणे नव्हे. नियम ५०.

रोहन बी-५०१: निखिल, काचेमागची प्लेट कॅमेरा वाचणार नाही रे. रात्री तो इन्फ्रारेड प्रकाश टाकतो आणि प्लेटवरून तो परत आला की अक्षरं ओळखतो. प्लेटचा चकाकता थर त्यासाठीच असतो. तुझी प्लेट तिरक्या काचेमागे आडवी पडलेली, वर गेटच्या दिव्याची तिरीप. त्याला दिसतो नुसता पांढरा ठिपका.

निखिल सी-७०१: मग कॅमेरा चांगला घ्यायचा होता. बॅरिअर लावताना सी विंगला कोणी विचारलं होतं?

सेक्रेटरी पाटील: निखिलजी, सर्वसाधारण सभेत ठराव झाला होता. आपण उपस्थित नव्हता. 🙏

निखिल सी-७०१: हो, मी त्या दिवशी *कामावर* होतो.

देशपांडे काका बी-३०२: इथे कोणी बिनकामाचं नाही.

वैशाली ताई सी-६०२: शांत व्हा सगळे. निखिल, हाय सिक्युरिटी प्लेट आहे ना? मग निघाली कशी?

देशपांडे काका बी-३०२: हाच माझा प्रश्न. ते स्नॅप लॉक तोडल्याशिवाय निघत नाही. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नवीन गाड्यांना कंपनीकडूनच तशी प्लेट येते. होलोग्राम, लेझरने कोरलेला दहा अंकी कोड, सगळं असतं. म्हणजे लॉक तोडले. लिहून घ्या.

वैशाली ताई सी-६०२: काका, वकील म्हणून एक बारीक गोष्ट. न निघणाऱ्या स्नॅप लॉकबद्दल नियमात जे वाक्य आहे, त्यात 'वाहनाच्या मागील बाजूस' असे शब्द आहेत.

निखिल सी-७०१: बघा!!!

वैशाली ताई सी-६०२: बघा काय? पुढचं लॉक तोडायची मुभा आहे असं मी म्हटलेलं नाही. प्लेट दोन्हीकडे हवीच, 'स्पष्ट आणि वाचता येईल अशी'. डॅशबोर्डवर उताणी टाकलेली त्यात बसत नाही.

देशपांडे काका बी-३०२: तेच मी कालपासून सांगतोय. नियम ५०.

निखिल सी-७०१: अमेरिकेत कित्येक राज्यांत पुढे प्लेट लावतच नाहीत. ओहायोने २०२० मध्ये काढून टाकली, यूटाने २०२५ मध्ये. तिथे काय पोलीस नाहीत? कॅमेरे नाहीत?

रोहन बी-५०१: आणि कॅलिफोर्नियात दोन्ही लागतात, टेक्सासमध्येही. सोयीची राज्यं तेवढी सांगू नकोस.

मकरंद बी-४०३: स्टीव्ह जॉब्ज तर म्हणे मागचीही लावत नव्हता. कॅलिफोर्नियात तेव्हा नव्या गाडीला प्लेटसाठी सहा महिन्यांची सवलत होती. हा पठ्ठ्या सहा महिने भरत आले की तसलीच दुसरी मर्सिडीज आणायचा. निखिल, तू पण बदल गाडी दर सहा महिन्यांनी. जुनी मला दे.

निखिल सी-७०१: 😂

वैशाली ताई सी-६०२: ती पळवाट त्यांनी २०१९ पासून बंद केली. आता शोरूममधून निघतानाच तात्पुरता नंबर लावून देतात.

सुनीता काकू ए-१०१: अमेरिकेत कोणी माझ्या खिडकीखाली हॉर्न वाजवत नाही. मुद्दा हॉर्नचा आहे.

प्रशांत ए-१०२: आता विषय निघालाच आहे तर बोलतो. बेसमेंटमध्ये माझी स्कूटर कोणीतरी घासून गेलं. मी गप्प बसलो होतो. फुटेजमध्ये गाडी समोरून येताना दिसते. लाल. रुंद. बसकी. नंबर दिसत नाही, *कारण पुढे नंबरच नाही*. रॅम्पवरचे दोन्ही कॅमेरे येणाऱ्या गाडीच्या तोंडाकडे आहेत.

निखिल सी-७०१: सोसायटीत लाल गाड्या अजून दोन आहेत.

प्रशांत ए-१०२: बसक्या किती आहेत?

निखिल सी-७०१: पुरावा असेल तर बोल. स्कूटर रेषेच्या बाहेर असते हे सगळ्यांना माहीत आहे.

प्रशांत ए-१०२: रेषा तुझी गाडी आल्यापासून आत सरकली आहे.

सेक्रेटरी पाटील: कृपया वैयक्तिक पातळीवर जाऊ नये. 🙏🙏

शिल्पा बी-१०४: आज पाणी किती वाजता जाणार आहे?

मकरंद बी-४०३: दुपारी. देशपांडे काका, नियमांचा विषय चाललाच आहे म्हणून विचारतो. आपल्या चिरंजीवांच्या बुलेटवर ४१४१ आहे की 'दादा' आहे? मला लांबून 'दादा' दिसतं.

अनिकेत देशपांडे बी-३०२: _हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे_

निखिल सी-७०१: वाचला मी 😄

देशपांडे काका बी-३०२: तो विषय वेगळा आहे.

वैशाली ताई सी-६०२: वेगळा नाही काका. ५० नंतर ५१ येतो, आणि त्यात अक्षरांची मापं दिली आहेत. आकड्यांचा 'दादा' किंवा २१४ चा 'राम' करायला कुठेच जागा नाही.

देशपांडे काका बी-३०२: त्याला मी घरात बोललो आहे. इथे विषय सी-७०१ चा आहे. पुढे प्लेट हवी. नियम ५०.

मकरंद बी-४०३: काका, नियम ५० आता मला स्वप्नात दिसायला लागलाय.

रोहन बी-५०१ (दुपारी १:२०): भांडण झालं असेल तर कामाचं बोलू का? निखिल, भोक न पाडता प्लेट बसते. बंपरवर एका बाजूला हाताच्या पंजाएवढं चौकोनी झाकण आहे बघ, गाडीच्याच रंगाचं. गाडी ओढायचा हूक बसवायची जागा ती. चपट्या स्क्रू ड्रायव्हरला कापड गुंडाळून झाकण अलगद उचकट. आत आटे असलेलं भोक दिसेल. त्यात दांडा फिरवून बसवायचा ब्रॅकेट मिळतो आणि त्यावर प्लेट. मात्र काही गाड्यांत आटे उलटे असतात. आधी गाडीबरोबर आलेला हूक हाताने फिरवून बघ, तो ज्या बाजूने आत जातो त्याच बाजूने दांडा. सुरुवातीला पान्याने जोर लावायचा नाही, आटे गेले तर भोक पाडण्यापेक्षा मोठा खर्च. दांडा पूर्ण बसला की मागचा चेकनट (दांडा जागच्या जागी पकडून ठेवणारा नट) घट्ट कर, नाहीतर हायवेला वाऱ्याने प्लेट घड्याळाच्या काट्यासारखी फिरते.

निखिल सी-७०१: वाकडी दिसेल ना पण एका बाजूला?

रोहन बी-५०१: अल्फा रोमिओच्या कित्येक गाड्यांना कंपनीच एका बाजूला लावते, मध्ये त्यांची तिकोनी जाळी असते म्हणून. तेव्हा तुम्ही लोक त्याला स्टाइल म्हणता.

निखिल सी-७०१: हम्म. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप मारली तर? सोपं पडेल.

रोहन बी-५०१: तू बंपरवर पीपीएफ लावलीयस, म्हणजे रंग जपणारी पारदर्शक फिल्म. उन्हात प्लेट खाली येताना फिल्मही सोबत घेऊन येईल. आणि चुंबक सुचवणाऱ्या मकरंदसाठी आधीच सांगतो, बंपर प्लॅस्टिकचा असतो.

मकरंद बी-४०३: मी टाइपच करत होतो 😂

रोहन बी-५०१: आणखी दोन गोष्टी. पार्किंग सेन्सरच्या समोर पत्रा आला तर गाडी मोकळ्या जागेतही पीं पीं करत बसेल. मधल्या भागात क्रूझ कंट्रोलचा रडार असेल तर त्याच्यासमोरही नको. आणि हवा अडते हे कारण परत सांगू नकोस, रडार-सेन्सरचं म्हणालास तर ऐकून घेईन. प्लेट वाकवायची नाही, कडा कापायच्या नाहीत, मागून रबराची पट्टी लाव म्हणजे रंग खरवडणार नाही. लॉक तुटलेत ना? मग शोरूममधून रीतसर नवीन लावून घे, नटबोल्ट नको.

वैशाली ताई सी-६०२: आणि तोवर रात्री गेटवर काय?

सुनीता काकू ए-१०१: वैशाली, तुझ्या तोंडात साखर पडो. तेच मी विचारतेय. मुद्दा हॉर्नचा आहे.

निखिल सी-७०१: काकू, तोवर गेटच्या अलीकडूनच वॉचमनला फोन करीन. नंबर घेतलाय. ब्रॅकेट मागवतो. पण कॅमेरा बाजूची प्लेट वाचेल याची जबाबदारी कमिटीची. मी सगळं करायचं आणि वर बॅरिअर बंद, हे चालणार नाही.

सेक्रेटरी पाटील: कॅमेरावाल्याशी बोललो. वाचायची चौकट मधोमध ठेवली आहे, ती रुंद करता येते. गुरुवारी माणूस येतोय. ज्यांच्या प्लेटवर चिखल, प्लॅस्टिकचं कव्हर किंवा जाड फ्रेम आहे त्यांनीही ते काढावं. बॅरिअर फक्त सी-७०१ लाच अडतो असं नाही, रजिस्टरमध्ये इतर नावंही आहेत. नावं घेत नाही. 🙏

शिल्पा बी-१०४: घ्या ना नावं.

मकरंद बी-४०३: माझं नसावं. असेल तर घेऊ नका.

निखिल सी-७०१ (शनिवार, संध्या. ६:४०): 📷 बसवली. शोरूममधून लॉक लावून घेतली.

रोहन बी-५०१: झकास. थोडी अजून आत घे, चालताना कोणाच्या नडगीला लागेल. धारदार असते कड.

देशपांडे काका बी-३०२: मध्यभागी नाही.

वैशाली ताई सी-६०२: काका, स्पष्ट आहे, वाचता येते. मी इथे वर लिहिलंय.

देशपांडे काका बी-३०२: मी फक्त निरीक्षण नोंदवलं.

निखिल सी-७०१: बॅरिअर उघडला. पहिल्यांदा जरा थांबला, मग उघडला.

सुनीता काकू ए-१०१: 👍

मकरंद बी-४०३: काकूंचा अंगठा! स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

अनिकेत देशपांडे बी-३०२: माझीही बदलतोय. आता यावर कोणी काही बोलू नये.

मकरंद बी-४०३: बरं दादा.

प्रशांत ए-१०२: सगळं छान झालं. माझ्या स्कूटरचं काय?

सेक्रेटरी पाटील: ते कमिटीत घेऊ. 🙏

प्रशांत ए-१०२: कमिटीत म्हणजे कधी?