श्रूजबरीला कोण कोण जाऊन आलंय? अनुभव लिहा

अर्धा_चहा
काल पुण्याहून भाचा आला आणि बॅगेतून कयानी बेकरीच्या श्रूजबरी बिस्किटांचा खोका काढून ओट्यावर ठेवला. नवरा म्हणाला, "ह्या बिस्किटांच्या गावी आपण किती दिवसांत गेलो नाही!" झालं, रात्रभर डोक्यात श्रूजबरीच.

आम्ही तेव्हा इंग्लंडमध्ये टेलफर्डला राहायचो. तिथून ट्रेनने वीसेक मिनिटं. शनिवारी भाजी-चीज घ्यायला म्हणून जायचं आणि अंधार पडला तरी पाय निघायचा नाही. सेव्हर्न नदीने गावाला असा वळसा घातलाय की तीन बाजूंना पाणी. जमिनीवरून आत शिरायला उत्तरेकडे चिंचोळी वाट, आणि नेमका तिथेच किल्ला. आत गल्ल्याच गल्ल्या, फिश स्ट्रीट, मिल्क स्ट्रीट, बुचर रो. आपल्याकडे तांबट आळी, कासार आळी असते तसं, धंदा गेला तरी नाव राहिलेलं. ग्रोप लेनमध्ये तर समोरासमोरची लाकडी घरं वरच्या मजल्यावर एकमेकांकडे इतकी झुकलीत की वरून मीठ मागता येईल.

माझी सगळ्यात आवडती जागा म्हणजे चौकातला जुना मार्केट हॉल, १५९६ चा. खाली दगडी कमानी, तिथे पूर्वी लोकरीचा, कापडाचा सौदा चालायचा. उत्तरेकडच्या टोकाला एका खांबात ओळीने भोकं आहेत. त्यात खुंट्या घालून किती लोकर विकली त्याचा हिशोब ठेवायचे. भोकांच्या कडा पार गुळगुळीत झाल्यात. शेजारून शेकडो लोक जातात, कोणी बघत नाही. वर आता छोटं सिनेमागृह आहे आणि कॅफे. पावसात अडकलात तर सरळ वर जा.

हे गाव यादी घेऊन फिरायचं नाही असं माझं ठाम मत. ज्यांनी बघितलंय त्यांनी लिहा, राहिलेल्यांनी तर लिहाच.

निवांत
पहिला मीच! गेलो होतो. पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस गेला. बाकी छान.

अर्धा_चहा
@निवांत, गावात गाडी आणायचीच नाही हो. बाहेर पार्क अँड राइडला लावायची आणि बसने यायचं.

कोकणचा_काजू
त्याच चौकात, तुमच्या त्या मार्केट हॉलच्या पुढ्यात क्लाइव्हचा पुतळा आहे, तो विसरलात की मुद्दाम गाळलात? मी विजयदुर्गचा. पुतळ्यावरचं नाव वाचलं आणि तिथेच थांबलो. फेब्रुवारी १७५६. ॲडमिरल वॉटसनचं आरमार समुद्रातून आणि हा क्लाइव्ह जमिनीवरून. तुळाजी आंग्र्यांची गलबतं जळाली ती आमच्या घेरियाच्या (म्हणजे विजयदुर्गच्याच) खाडीत. प्लासी त्याच्या पुढच्या वर्षी. आमच्याकडे शाळेच्या सहली तटावर जातात तेव्हा गुरुजी तोफगोळ्यांच्या खुणा दाखवतात, आणि इकडे हा माणूस गावाचा खासदार, वर १७६२ मध्ये महापौर. लोक त्याच्या पायाशी बसून सँडविच खात होते. मी पण तिथेच बसून डबा खाल्ला. थालीपीठ होतं.

घाटावरचा
@कोकणचा_काजू, बरोबर, पण अर्धंच. इंग्रजांना हाताशी कोणी धरलं होतं? नानासाहेब पेशव्यांनीच ना. तुळाजी शेवटी पेशव्यांच्या माणसांच्या स्वाधीन झाला. सगळं बिल क्लाइव्हच्या नावावर फाडू नका.

कोकणचा_काजू
तेच तर दुखतं ना साहेब.

खिडकीतली_जागा
२०२० मध्ये तो पुतळा काढा म्हणून सह्यांची मोहीम झाली होती. पण कौन्सिलने ठेवायचा ठरवला. मला विचाराल तर ठेवावा पण पाटी मोठी लावावी. घेरिया पण लिहा म्हणावं तिच्यावर.

अर्धा_चहा
मुद्दाम नाही हो गाळलं, त्याच्याकडे पाठ करून बसायची सवय आहे 😄 पेशवे-आंग्रे वेगळ्या धाग्यावर घ्या नाहीतर रात्रभर इथेच.

ड्युटीवर_आहे
ब्रेकमध्ये लिहितेय. क्वारी पार्क!!! नदीकाठी झाडांच्या रांगा आणि मधे डिंगल नावाची खोलगट बाग. ती पर्सी थ्रोअर यांनी राखली, टीव्हीवर बागकाम शिकवायचे ते, इथले पार्क सुपरिंटेंडेंट होते १९४६ पासून. नाइट संपली की मी घरी न जाता तिथे बाकावर बसायचे. बदकं ओळखायला लागली होती मला. बेल वाजली, जाते.

सुट्टीतली_आई
मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी. किल्ल्यात मुलं कंटाळली (लाल दगड, आत सैनिकांचं संग्रहालय, नवऱ्याला मात्र ओढून बाहेर काढावं लागलं). पण सेंट मेरी चर्चच्या दाराशी एक पाटी आहे तिथे माझा मुलगा खिळून उभा राहिला. रॉबर्ट कॅडमन नावाचा डोंबारी १७३९ मध्ये ह्या चर्चच्या कळसापासून नदीपलीकडे दोर बांधून त्यावरून घसरत येणार होता. दोर प्रमाणाबाहेर ताणलेला, तो तुटला आणि हा पडून गेला. गावाने त्याच्यासाठी पाटीवर कविताच कोरलीय. मुलाने घरी येऊन सोफ्यापासून पडद्याच्या दांडीपर्यंत ओढणी बांधली. पुढचं विचारू नका, दांडी नवीन घ्यावी लागली.

आणि सेंट चॅड्स चर्चच्या आवारात स्क्रूजचं, डिकन्सच्या गोष्टीतल्या त्या कंजूष म्हाताऱ्याचं, थडगं आहे! खोटं. १९८४ मध्ये सिनेमाच्या शूटिंगसाठी एका जुन्या दगडावर नाव कोरलं आणि ते तसंच राहिलं. लोक खऱ्या थडग्यांना ओलांडून त्याच्यासोबत फोटो काढतात. आम्ही पण काढला.

सळई_आणि_सिमेंट
सेंट चॅड्सचा विषय निघालाच आहे तर स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून गप्प बसवत नाही. आत्ताचं गोल चर्च १७९२ चं. त्याआधीचं जुनं चर्च दुसरीकडे होतं. छप्पर गळतं म्हणून इंजिनिअर थॉमस टेलफर्डला (हो, तोच, ज्याच्या नावाचं तुमचं गाव) बोलावलं. त्याने बघून सांगितलं, छपराचं सोडा, भिंती खचताहेत, पायाशेजारी कबरी खणून खणून पाया पोकळ झालाय. मंडळींनी त्याला हसण्यावारी नेलं. थोड्याच दिवसांत, १७८८ मध्ये, मनोरा कोसळला. मी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये टेरेसच्या गळतीबद्दल बोलतो तेव्हा मला टेलफर्डच आठवतो.

गावाबाहेर डिदरिंग्टनची फ्लॅक्समिल बघितली का कोणी? १७९७, चार्ल्स बेज. जगातली पहिली लोखंडी सांगाड्याची इमारत. आधीच्या गिरण्यांत लाकडी खांब-तुळया, दिवा कलंडला की गिरणी खाक. म्हणून ह्याने ओतीव लोखंडाचे खांब आणि तुळया घातल्या, वर विटांच्या कमानी. आज आपण चाळीस मजले चढवतो त्याची पणजी ही. २०२२ पासून बघायला खुली आहे. आत खांबांवर हात ठेवून उभा होतो, बायको म्हणाली, घरी कधी भिंतीला असा हात लावला नाहीस, खिळा ठोकायला सांगितलं तरी.

खिडकीतली_जागा
@सळई_आणि_सिमेंट 😂😂 वहिनींना नमस्कार

पुलाखालून_पाणी
मी तिथे भाड्याने राहिलोय, कोलहॅममध्ये. छायाचित्रात नदी सुंदर दिसते ना? फेब्रुवारी २०२० मध्ये बघायची होती. वेल्सच्या डोंगरात पाऊस पडतो आणि पाणी इथे दीड-दोन दिवसांनी चढतं, म्हणजे डोक्यावर ऊन आणि रस्त्यावर नदी. शेजारची आजी शांतपणे गालिचा गुंडाळून जिन्यावर ठेवत होती, एकीकडे मला विचारतेय "चहा घेणार का?" आमच्या सांगलीत पाणी वाढायला लागलं की लोक आयर्विन पुलाचे फूट मोजतात, इथे वेल्श ब्रिजकडे बघतात. थंडीत जाणार असाल तर निघायच्या आधी पुराचा इशारा बघा, फ्रँकवेलचं पार्किंग सगळ्यात आधी पाण्यात जातं.

सांगलीकर_सून
@पुलाखालून_पाणी सांगलीत कुठे? आमचं माहेर गावभागात. २०१९ ला दुसऱ्या मजल्यावरून होडीत उतरलोय.

पुलाखालून_पाणी
वखारभाग. खाजगी निरोप पाठवतो.

मिरचीचा_ठेचा
अहो पण खायचं काय ते कोणी सांगेल का. पुतळे आणि पूर पुरे.

अर्धा_चहा
@मिरचीचा_ठेचा, मार्केट हॉल. जुना नाही, नवा. १९६५ ची विटांची इमारत, उंच घड्याळाचा मनोरा, बाहेरून एखाद्या सरकारी कचेरीसारखी. तोंड वाकडं न करता आत शिरायचं. खाली भाजी, मासे, चीज, वर खाण्याचे गाळे आणि जुनी पुस्तकं. तिथे एक चीजवाले काका चाखायला एवढं द्यायचे की जेवायची गरज उरायची नाही. फक्त रविवारी जाऊ नका, बंद असतं.

बिस्किटखाऊ
मुख्य प्रश्न कोणीच विचारला नाही. तिथली बिस्किटं कयानीसारखी लागतात का??

सुट्टीतली_आई
नाही. तिथे त्यात लिंबाची साल किसून घालतात, कधी मनुका. पातळ, कुरकुरीत. कयानीचं तोंडात विरघळतं तसलं काही नाही. किल्ल्याजवळ एका दुकानावर पाटी आहे, पेलिन नावाच्या माणसाने इथे १७६० मध्ये श्रूजबरी केक बनवले म्हणून. माझ्या सासऱ्यांनी त्या पाटीसमोर उभं राहून जाहीर केलं की कॅम्पातली चव ह्यांना जमली नाही. आसपासच्या गोऱ्यांना मराठी येत नव्हतं हे नशीब.

बिस्किटखाऊ
सासरे 🙏

डार्विनचा_शेजारी
कमाल आहे, इतके प्रतिसाद आणि डार्विन कोणालाच आठवला नाही! १८०९ मध्ये इथेच जन्मला. ज्या शाळेत शिकला तिथे आता सार्वजनिक वाचनालय आहे आणि दारात तो खुर्चीत बसलाय. शाळेत ह्याचं फारसं जमलं नाही बरं का. माझ्या मुलीने दहावीच्या आधी हे ऐकलं आणि तेव्हापासून घरात डार्विनचा दाखला चालू आहे. कोणी मला उपाय सांगा.

घाटावरचा
@डार्विनचा_शेजारी, तिला सांगा बीगल जहाजावर पाच वर्षं ओकाऱ्या काढत काम केलंन त्याने. आधी तेवढं कर म्हणावं.

खिडकीतली_जागा
रेल्वेवाल्यांसाठी: स्टेशनचे फलाट नदीवरच्या पुलावर गेलेत. फलाटाच्या टोकाला सेव्हर्न ब्रिज जंक्शनची सिग्नल केबिन दिसते, १९०३ ची, १८० खटक्यांची. हाताने चालणाऱ्या केबिनांपैकी जगात शिल्लक असलेली सगळ्यात मोठी. मी तिच्यासाठी एक गाडी मुद्दाम सोडली. घरचे आत बसून निघून गेले होते.

कोकणचा_काजू
@खिडकीतली_जागा, तिथूनच मी वेल्शपूलला गेलो. पॉविस किल्ला. क्लाइव्ह घराण्याने हिंदुस्थानातून नेलेलं सामान तिथे आहे, टिपूचा तंबूसुद्धा. छापील सुती कापड, वेलबुट्टी अजून ताजी वाटते. बघाच, पण पोट भरून जा, नंतर जेवण गोड लागत नाही.

सांगलीकर_सून
पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन बर्मिंगहॅमहून वेल्शपूललाच जायचंय. ट्रेन बदलावी लागते का? त्यांना जिने चढवत नाहीत.

खिडकीतली_जागा
नाही ताई, ॲबरिस्टविथची गाडी थेट जाते. फक्त श्रूजबरीला तिची दिशा बदलते, आली तिकडूनच उलटी बाहेर पडते. सासूबाईंना आधीच सांगून ठेवा. माझी आई "गाडी परत चालली, उतरा उतरा" करत पिशव्या घेऊन दारात उभी होती आणि तिचं बघून आणखी दोन आज्या उठल्या.

सांगलीकर_सून
😂😂 आमच्याकडे हेच होणार. उलट्या दिशेला बसलं की त्यांना गरगरतं पण, कुठल्या बाजूची सीट घेऊ?

खिडकीतली_जागा
टेबलाची सीट घ्या. श्रूजबरीला गाडी थांबली की समोरासमोर अदलाबदल करा, वेळ मिळतो.