कीटकाला घोटा असतो का?

प्रश्न
कीटकांच्या पायाच्या आकृतीत मांडी, नडगी आणि तिच्यापुढे पाऊल असे भाग दाखवलेले असतात, म्हणजे आराखडा जवळजवळ माणसाच्या पायाचाच. मग नडगी आणि पाऊल जिथे जुळतात, त्या सांध्याला झुरळाचा घोटा मानणे शरीररचनेच्या दृष्टीने योग्य ठरेल का? शिवाय कीटकाच्या पावलात स्नायूच नसतात, असे वाचले. तसे असेल, तर माशी भिंतीला धरून कशी राहते?

प्रतिसाद १
जागेपुरते मानता येईल, घडण मात्र अगदी निराळी आहे. माणसात नडगीचे हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचे बारीक हाड मिळून एक खोबण तयार होते व तिच्यात टॅलस हे हाड बसते. टॅलसचा माथा पुढे रुंद आणि मागे अरुंद असल्यामुळे पाऊल वर उचललेले असताना सांधा घट्ट बसतो, तर चवड्यावर उभे राहिल्यावर तो काहीसा सैल पडतो. उंच टाचेच्या चपलेत पाय चटकन मुरगळतो, त्याचे हेही एक कारण. पाऊल वर-खाली होते ते या सांध्यात; तळवा आत-बाहेर वळतो तो त्याखालच्या, टॅलस आणि टाचेचे हाड यांच्यामधल्या सांध्यात. कीटकाच्या पायात हाडच नाही. त्याचा सांगाडा म्हणजे बाहेरचे कवच, आणि सांधा म्हणजे दोन कडक नळ्यांना जोडणारे लवचीक पटल.

प्रतिसाद २
स्नायूंविषयी आपण वाचले ते बरोबर आहे. झुरळाचे व माशीचे पाऊल पाच खंडांचे असते आणि त्या खंडांना स्वतःचे स्नायू नसतात. नख्या ओढणारा स्नायू वर मांडीत व नडगीत असतो, आणि त्याची लांब कंडरा सगळ्या खंडांमधून जात थेट नख्यांच्या मुळाशी पोहोचते. कंडरा ओढली गेली की नख्या खाली वळून पृष्ठभागात रुततात, आणि ताण सुटला की सांध्याच्या लवचीकपणामुळे आपोआप मागे येतात. त्यांना उलट ओढणारा स्नायू नाहीच. खडबडीत भिंतीवर एवढे पुरते. काचेवर मात्र नख्यांखालच्या दोन गाद्या, त्यांवरचे सूक्ष्म केस आणि त्यांना ओलसर ठेवणारा द्रव यांच्यावर सारा भार असतो. मला तर चिकटण्यापेक्षा दर पावलाला सुटणे अधिक नवलाचे वाटते: माशी पाय मुरडते किंवा ओढते आणि गादी एका कडेने सोलल्यासारखी निघते.

प्रश्नकर्ता
पण पोटरीचे स्नायूही अकिलीस कंडरेने टाच वरूनच ओढतात. मग फरक काय राहिला?

प्रतिसाद ३
साम्य आहेच, टॅलसवर तर एकही स्नायू जोडलेला नसतो. तरीही माणसाच्या तळव्यात स्वतःच्या स्नायूंचे चार थर असतात आणि पावलाच्या 26 हाडांची कमान सावरण्यात त्यांचाही वाटा असतो. कीटकाच्या पावलात असे काही नाही. दोन्ही पाय स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहेत. मात्र गर्भावस्थेत अवयव फुटताना दोन्हींकडे डिस्टल-लेस कुळातील जनुके कार्यरत असतात, तेव्हा जुने नाते शोधायचे असेल तर ते सांध्यांपेक्षा तिथे शोधणे योग्य.