पेटी परत काढली, पण समोर फोन नसला की हात चालत नाही

पांढरीचार (डोंबिवली)
नमस्कार मंडळी. वय ५१, नोकरी बँकेत. वडील कीर्तनाला पेटीची साथ करायचे, त्यांच्याकडेच शिकलो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये नाट्यपदांचे एकेक मिनिटाचे तुकडे रेकॉर्ड करून नेटवर टाकायला लागलो आणि त्यातला एक बऱ्यापैकी पसरला. तिथून पुढे माझं वाजवणंच बदललं. आलाप गेला, कारण सुरुवातीलाच तान आली नाही तर लोक पुढे सरकवतात. बोटं नीट दिसावीत म्हणून पेटी तिरकी ठेवायला लागलो, त्यात भात्याचा हात अवघडायचा. पुढे बघणाऱ्यांचे आकडे उतरले, मी चिडचिडा झालो आणि पेटी माळ्यावर गेली.

दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली. भाता ठिकठिकाणी फुसफुसत होता, दोन सूर मुके. दादरच्या एका कारागिराकडून सगळं करून आणलं, आवाज मस्त लागलाय. पण वाजवायला बसलो आणि एखादी जागा बरी आली की लगेच मनात येतं, अरे, हे रेकॉर्ड करायला हवं होतं. त्यात तंबोरा फोनमध्येच! म्हणजे सूर लावायचा तरी आधी तोच फोन हातात.

जे निव्वळ स्वतःसाठी वाजवतात ते नक्की काय करतात? ‘नियमित रियाझ करा’ सोडून काहीही सांगा.

धातिटे (पुणे)
आधी तंबोरा फोनमधून बाहेर काढा. जुना इलेक्ट्रॉनिक तंबोरा, तो डबा, कुणाकडेही धूळ खात पडलेला मिळेल.

आता माझ्या, म्हणजे तबलेवाल्याच्या, स्वार्थाचं. तबलेवाला गाठा आणि त्याला लेहरा धरा. म्हणजे तीनतालाची सोळा मात्रांची एकच ओळ, चंद्रकंस रागात म्हणा, अर्धा-पाऊण तास पुन्हा पुन्हा. ताना नाहीत, हरकती नाहीत. ऐकणाऱ्यांचं लक्ष सगळं तबल्यावर, तुमच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. पण तुम्ही केसभर पळालात की माझी तिहाई, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, समेवरून घसरलीच. आम्ही ॲपवर वाजवतो ते नाइलाजाने. ॲप लय चोख धरतं हो, पण चक्रदार, म्हणजे तिहाईचाच अख्खा तुकडा तीनदा, सुरू झाल्यावर मान वर करून बघत नाही, आणि समेवर बरोबर आलो तर ‘क्या बात’ म्हणत नाही. लेहऱ्याला माणूस मिळणं किती कठीण झालंय ते कुठल्याही तबलजीला विचारा.

पाचवी_वाडी (कणकवलीजवळ)
आमच्याकडे या, हरिनाम सप्ताहाला. वाडीवाडीचे पहारे लागतात, भजन अखंड चालू राहावं लागतं. रात्री तीनच्या पाऱ्याक ऐकूक कोण नसता. देव, आम्ही आणि पायरीवर झोपलेलो कुत्रो. बुवा दमले की पेटी ज्याच्या हाताला लागेल त्याची. माझी बोटं चार अभंगांपलीकडे जात नाहीत, तरी मलाही बसवतात. डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याची, गोष्ट वेगळी. तिथे चुरस असते आणि मला तीही आवडते, खोटं कशाला बोला!

स्वयंभू_गंधार
अन्नपूर्णादेवींचं उदाहरण आहेच की. जाहीर कार्यक्रम सोडले आणि मुंबईत घरी बसून शिकवत राहिल्या. सतारिये निखिल बॅनर्जी, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे शिकले. त्यांची सुरबहार, म्हणजे सतारीची मोठी, खर्जातली बहीण, मात्र लोकांना पुढे ऐकायलाच मिळाली नाही.

धातिटे (पुणे)
त्या सरोदिये अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्या कन्या! बँकेतून दमून आलेल्या माणसाला हा दाखला देऊन काय होणार? उद्या हे म्हणतील, मी सोडलं ते बाईंसारखंच.

स्वयंभू_गंधार
बरं, मागे घेतो. मग पेटीवाल्यांचाच दाखला घ्या. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. तेवढी वर्षं रेडिओच्या नावाने कुणी पेटी शिकायचं कारण नव्हतं, तरी ती देवळात, भजनात, घराघरांत वाजतच होती.
आणि पांढरीचार, एक करून बघा. तंबोरा चांगला जुळवा, नुसता षड्ज दाबून धरा, मग गंधार लावा. पेटीचा गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधाराहून किंचित चढा असतो. एकदा ते कानाला कळलं की त्या दोन स्वरांतच तास जातो. व्हिडिओत त्यातलं काहीही कळत नाही.

पांढरीचार (डोंबिवली)
गंधार करून बघितला. च्यायला, इतकी वर्षं वाजवतोय आणि आता पेटी बेसूर वाटायला लागली! बायको विचारतेय, एवढे पैसे घालून दुरुस्त करून आणली ती हीच का?

धातिटे, लेहऱ्याचं डोक्यात बसलंय. आमच्या सोसायटीत एक मुलगा तबल्याच्या विशारद परीक्षेची तयारी करतोय, त्याला काल विचारलं. तो उडालाच. त्याला झपताल आणि रूपकही लागणार आहेत. तीनतालाचं मी बघतो, पण झपतालाला साधी ओळ कुठली घ्यावी?

धातिटे (पुणे)
दहा मात्रा, २-३-२-३. राग तोच ठेवा, चंद्रकंस. सहाव्या मात्रेला काल, म्हणजे टाळी नसलेली खाली, तिथे ओळ खाली उतरू दे, म्हणजे पोराला न मोजता कळेल. स्वरलिपी रात्री टाकतो. आणि भात्याचा हात सांभाळा, विलंबित लयीत पहिल्यांदा तोच भरून येतो.